विमान बदलायला नागपुरात थांबताय? मधल्या चार-पाच तासांचा हिशेब

एके काळी दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासहून रात्री निघालेली टपालाची विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची. इथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि उजाडेपर्यंत विमानं आपापल्या गावी परतायची. १९४९ साली सुरू झालेल्या या रात्रीच्या हवाई टपालसेवेमुळे नागपुरात विमान बदलणं त्या पिढीच्या प्रवाशांच्या अंगवळणी पडलं होतं. आज पुन्हा बरेच जण इथे विमान बदलतात आणि मधले चार-पाच तास खुर्चीत बसून, फोन चार्ज करत घालवतात. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. सोनेगावचा आपला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराला इतका लागून आहे, की अर्ध्या तासात तुम्ही दीक्षाभूमीच्या आवारात उभे असू शकता. बंगळुरूला तेवढ्या वेळात शहराची वेसही दिसत नाही.

पहिल्यांदाच असा थांबा आलेल्यांसाठी, घरातून निघण्याआधीपासून ते दुसऱ्या विमानात बसेपर्यंत, काय काय बघायचं ते क्रमाने सांगतो.

आधी तिकीट नीट वाचा

सगळ्यात आधी बघायचं, ते दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर आहेत की वेगवेगळ्या. एकाच पीएनआरवर असतील आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं, तर पुढची सोय करणं कंपनीचं काम. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या विमानाशी काही देणंघेणं नसतं. वेळेत पोचला नाहीत तर तुम्ही ‘नो-शो’. आणि तुम्ही स्वतः शहरात फिरायला जाऊन उशीर केलात, तर तिकीट कसंही असो, जबाबदारी तुमचीच. हे आधीच मनाशी पक्कं असलं की पुढचे सगळे निर्णय सोपे जातात.

दुसरी गोष्ट. काही विमानं नागपूरमार्गे जातात, पण विमान तेच आणि नंबरही तोच असतो. अशा वेळी पुढे जाणाऱ्या प्रवाशांना विमानातच बसवून ठेवतात. तिकिटावर ‘विमान बदलणे’ असं स्पष्ट लिहिलंय का, ते बघा. नसेल, तर हा लेख पुढच्या खेपेसाठी ठेवा.

सामानाचंही निघतानाच विचारून घ्या. एकाच पीएनआरवर बहुतेक वेळा बॅग थेट शेवटच्या गावाचा टॅग लावून जाते, तरी काउंटरवर ‘बॅग नागपूरला घ्यायची का?’ असं तोंडाने विचारा आणि हातात मिळालेल्या चिठ्ठीवरची तीन अक्षरं वाचा. नागपूरची ‘एनएजी’ आहेत. ती दिसली तर बॅग इथे पट्ट्यावर येणार, तुम्हाला ती उचलून पुन्हा जमा करावी लागणार. दुसऱ्या विमानाचा बोर्डिंग पासही शक्यतो निघतानाच घ्या. परदेशातून येऊन इथे उतरत असाल तर इमिग्रेशन आणि कस्टम्सला वेळ जातो आणि बॅगही इथेच घ्यावी लागते. त्यासाठी वेगळा तास धरा.

हिशेब मागून करा

थांबा किती तासांचा आहे यावरून काही ठरवू नका. दुसऱ्या विमानाच्या सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजत या. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

समजा तुम्ही ११:१० ला उतरलात आणि पुढचं विमान ४:०५ चं आहे. ऐकायला जवळपास पाच तास. देशांतर्गत विमानाचं गेट साधारण २५ मिनिटं आधी, म्हणजे ३:४० ला बंद होतं. दारावर ओळखपत्र, मग सुरक्षा तपासणी, मग गेटपर्यंतचं चालणं. हे सगळं घाई न करता व्हायचं असेल तर सुटण्याच्या दीड तास आधी टर्मिनलच्या दारात हवं. म्हणजे २:३५. शहरातून यायला अर्धा तास, आणि वर्धा रोडवर काहीही होऊ शकतं म्हणून वरचा पाव तास. म्हणजे शहरातून १:५० ला निघायचं. आता पुढून बघा. विमान थांबणं, दार उघडणं, बाहेर येणं यात ११:३५ होतात. जायला अर्धा तास, म्हणजे १२:०५. शिल्लक राहिला १२:०५ ते १:५०, पावणेदोन तास.

पाच तासांतून पावणेदोन तास उरतात. हा आकडा कमी वाटला तरी त्यात एक जागा मनासारखी बघून होते आणि एका ठिकाणी निवांत खाऊन होतं. बॅग पुन्हा जमा करायची असेल तर त्यातून आणखी अर्धा तास वजा करा, कारण बॅगेचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो.

याच हिशेबाने माझं सरळ मत असं: थांबा तीन तासांपेक्षा कमी असेल तर बाहेर पडू नका. साडेतीन-चार तास असतील तर एकच जागा, तीही दीक्षाभूमी. पाच तासांत जागेसोबत खाणं बसतं. सहा-सात तास असतील तर झिरो माईलचा स्तंभ आणि अजब बंगला, म्हणजे इथलं संग्रहालय, जोडा. आठ तासांच्या आत रामटेक, सेवाग्राम किंवा पेंचचा विचार कुणी सुचवला तरी करू नका. रामटेक पन्नासेक किलोमीटर आहे, सेवाग्राम त्याहून लांब. पोचता येईलही, पण सगळं लक्ष घड्याळात राहील.

हिशेब झाला की परत निघण्याच्या वेळेचा गजर फोनवर लावा. विमानकंपनीचा मेसेज येणारा नंबर चालू आहे ना, तेही बघा. विमान जसं उशिरा होतं तशी त्याची वेळ कधी कधी अलीकडेही येते.

बाहेर कसं पडायचं

विमानातून उतरल्यावर ‘आगमन’च्या पाटीमागे चालत सरळ बाहेर या. परत येताना ‘प्रस्थान’च्या दारावर सुरक्षा जवान तिकीट आणि ओळखपत्र मागतील, म्हणून मूळ ओळखपत्र खिशात ठेवा, वर टाकायच्या बॅगेत नको. फोनची बॅटरी निम्म्यावर असेल तर बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं चार्ज करा. तिकीट, मेट्रो, ऑटो, पैसे सगळं फोनवरच असतं.

बाहेर आल्यावर दोन रस्ते आहेत.

पहिला, ऑटो किंवा टॅक्सी. अॅपवरून बोलवा किंवा विमानतळावरची टॅक्सी घ्या. रस्त्यावरच्या ऑटोला भाडं बसण्याआधी विचारा आणि ‘वेटिंग धरून, जाऊन-येऊन किती?’ असा पूर्ण प्रश्न विचारा. अॅपवर दिसणारा आकडा तोंडाशी असला की बोलणं लवकर मिटतं. थांबा चार तासांचा असेल तर जाऊन-येऊन एकच ऑटो ठरवणं सगळ्यात शहाणपणाचं, कारण परतीची गाडी शोधण्यात जाणारा वेळ वाचतो.

दुसरा, मेट्रो. एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. बॅग घेऊन, विशेषतः उन्हात, तेवढं चालू नका. तिथपर्यंत ऑटो करा. स्टेशनवर एकदा चढलात की सीताबर्डी वीसेक मिनिटांत येतं आणि रस्त्यावरच्या गर्दीचा काही संबंध राहत नाही. मेट्रो पहाटेपासून रात्री दहाच्या आसपासपर्यंत असते, पण गाड्यांमध्ये अंतर असतं. एखादी नुकतीच सुटली तर दहा-पंधरा मिनिटं धरून चाला. तिकीट काउंटरवर मिळतं, फोनवर क्यूआरही चालतो.

मेट्रोत चढलात तर खिडकीशी उभे राहा. उज्ज्वल नगर, जयप्रकाश नगर आणि छत्रपती चौक ही तीन स्टेशनं ज्या पुलावर आहेत तो ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे. खाली नेहमीचा वर्धा रोड, मधल्या मजल्यावर उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. २०२२ मध्ये त्याची गिनेस बुकात नोंद झाली. लहान मुलं सोबत असतील तर हा प्रवास हीच त्यांची सहल.

सीताबर्डीला ऑरेंज आणि अॅक्वा, दोन्ही मार्गिका भेटतात. इथले लोक तिला नुसतं ‘बर्डी’ म्हणतात. ऑटोवाल्याला तेच सांगा.

एकच जागा बघायची असेल तर दीक्षाभूमी

ज्यांच्या नावाच्या विमानतळावर तुम्ही उतरलात, त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, याच मैदानावर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भिक्खू चंद्रमणी यांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी समोर जमलेल्या लाखो लोकांना. त्यासाठी नागपूरच का, हे त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं: नाग लोकांनी बौद्ध धम्माचा प्रसार केला, त्यांची ही भूमी म्हणून. पुढे दोन महिनेही झाले नाहीत तोच ६ डिसेंबरला ते गेले. हा क्रम मनात ठेवून त्या आवारात गेलात तर ते मैदान वेगळं दिसतं.

मेट्रोने येत असाल तर राहाटे कॉलनी स्टेशनवर उतरा आणि पुढे ऑटो करा. विमानतळाहून थेट ऑटोने आलात तर अंतर सहा-सात किलोमीटर. आत जायला तिकीट नाही. सुरक्षा तपासणी असते, म्हणून मोठी बॅग सोबत असेल तर ती उघडायची तयारी ठेवा.

समोर दिसतो तो पांढरा, अर्धगोल स्तूप. सांचीच्या धर्तीवर बांधलेला, पण एका बाबतीत अगदी वेगळा: सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, तर हा पोकळ. वास्तुविशारद शिवदानमल यांनी तो रचला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चपला बाहेर काढून आत गेलात की गोल सभागृह लागतं आणि मधोमध बाबासाहेबांचा अस्थिकलश. वर पाहिलं तर घुमट. आत आवाज घुमतो, म्हणून लोक आपोआप हळू बोलतात. दुपारी बारा-साडेबाराला गेलात तर गर्दी कमी असते. खेड्यातून आलेली एखादी म्हातारी बाई कलशासमोर हात जोडून बराच वेळ उभी असलेली दिसते, बाजूला कॉलेजची पोरं भिंतीवरची माहिती वाचत असतात. त्यांच्या मधून घाईने पुढे जाऊ नका. फोटो काढायचा असेल तर आधी तिथल्या माणसाला विचारा.

बाहेर आल्यावर आवारातला बोधिवृक्ष बघा. श्रीलंकेतल्या अनुराधापुराहून आणलेल्या रोपाचं हे झाड. आवारातच एका स्तंभावर दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा कोरलेल्या आहेत. त्या बहुतेकांनी ऐकलेल्या असतात, वाचलेल्या नसतात. दहा मिनिटं उभं राहून एकेक वाचा. फाटकाबाहेरच्या दुकानांत बाबासाहेबांची पुस्तकं मिळतात आणि विमानात वाचायला त्याहून चांगलं काही सुचत नाही.

एका तासात हे सगळं होतं. दीड तास असेल तर अर्धा तास नुसते झाडाखाली बसा.

वेळ हातात असेल तर बर्डीच्या बाजूला

झिरो माईल फ्रीडम पार्क नावाचं मेट्रो स्टेशनच आहे. तिथून चार घोड्यांचा तो दगडी स्तंभ जवळच. ‘देशाचा मध्यबिंदू’ म्हणून सगळे इथे फोटो काढतात. त्या ओळखीमागचा नकाशा फाळणीच्या आधीचा आहे. माझं म्हणणं, फोटो झाला की बाजूचा दगड वाचा. इंग्रजांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो १९०७ सालचा दगड. समुद्रसपाटीपासूनची उंची मोजायला हा पक्का आधार. खांबाच्या बाजूंवर हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. रेल्वे आणि डांबरी रस्त्यांच्या आधी या शहरातून वाटा कुठे कुठे जात होत्या, ते त्या यादीवरून कळतं. इथे वीस मिनिटं पुरतात.

तिथून जवळच सिव्हिल लाइन्समध्ये मध्यवर्ती संग्रहालय. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. १८६३ साली सुरू झालेलं, म्हणजे देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. पेंढा भरलेले प्राणी, जुन्या मूर्ती, शिलालेख, शस्त्रं, आदिवासी जीवनाची दालनं. सगळं बघायचा हट्ट धरू नका, शिल्पांचं दालन निवडा आणि विदर्भात सापडलेल्या मूर्ती बघा. सोमवारी ते बंद असतं, हे मात्र लक्षात ठेवा.

सीताबर्डीच्या किल्ल्याची इच्छा बऱ्याच जणांना असते. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई याच टेकड्यांवर झाली आणि नागपूरचं राज्य इंग्रजांच्या मुठीत गेलं. पण किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सर्वसामान्यांना वर्षातले मोजकेच दिवस उघडतो, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी असे. एरवी बाहेरूनच बघा आणि टेकडीच्या पायथ्याशी रेल्वे स्टेशनकडच्या बाजूला असलेल्या टेकडी गणपतीचं दर्शन घ्या. मंगळवारी आणि चतुर्थीला तिथली रांग लांब असते, तेव्हा थांब्यावरच्या माणसाने बाहेरूनच नमस्कार करावा.

संध्याकाळचा थांबा असेल तर फुटाळा तलाव. भोसल्यांच्या काळातला तलाव, काठावर खाण्याच्या गाड्या, सूर्य पाण्यापलीकडे जातो. मात्र त्या वेळी परतीच्या रस्त्यावर ऑफिसची गर्दी असते. अर्धा तास जास्त धरा.

खायचं काय, आणि कधी

सकाळी उतरलात तर तर्री पोहे. यात दुसरा विचार नको. कस्तुरचंद पार्कच्या आसपास आणि शहरातल्या जवळजवळ प्रत्येक चौकात सकाळी गाड्या लागतात. कागदाच्या किंवा स्टीलच्या बशीत वाफाळते पोहे पडतात, मग मोठ्या पातेल्यातून पळीभर लाल रस्सा, त्यात काळे हरभरे. पळी पातेल्यात कशी घालतो तिकडे लक्ष ठेवा: वरवर फिरवली तर तेलाचा लाल तवंग, म्हणजे खरी तर्री, जास्त येते; तळातून ढवळून काढली तर हरभरे. वर कच्चा कांदा, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, शेव, लिंबाची फोड. तिखटाची सवय नसेल तर ‘भाऊ, तर्री कमी टाका’ एवढं म्हणा, कुणी वाईट मानत नाही. लागली तर दुसऱ्यांदा आपणहून घालतात. दहा-साडेदहानंतर चांगली गाडी मिळणं कठीण होत जातं, म्हणून दुपारी उतरणाऱ्याने हा नाद सोडावा.

दुपारच्या जेवणाला बाहेरगावचे लोक सावजी मागतात. कोष्टी समाजाच्या घरांतून आलेली ही चव, काळपट तेलकट रस्सा, खसखस, भाजलेले मसाले आणि खरं तिखट. मला ती फार प्रिय आहे आणि म्हणूनच सांगतो: पुढच्या दोन तासांत विमानात बसायचं असेल तर पहिल्यांदा सावजी खाऊ नका. पोटाला सवय नसते, सीटबेल्टचा दिवा लागलेला असतो आणि उठता येत नाही. सहा-सात तासांचा थांबा असेल, जेवून दोन-तीन तास हातात राहत असतील, तर खुशाल खा आणि सोबत भाकरी घ्या. मांसाहार करत नसाल तर पाटोडी रस्सा. बेसनाच्या वड्या त्याच जातीच्या रश्श्यात. तिखटपणात फार फरक नाही, पोटाला मात्र थोडा हलका.

बेताचं काही हवं असेल तर सांबारवडी. कोथिंबिरीचं मसालेदार सारण भरून तळलेली, चिंचेच्या चटणीबरोबर किंवा कढीबरोबर. हिवाळ्यात कोवळा सांबार बाजारात येतो तेव्हा तिची चव सगळ्यात चांगली. वडाभात आणि गोळाभात घरी जितके छान होतात तितके बाहेर क्वचित मिळतात. नागपुरात कुणी नातेवाईक असतील तर फोन करून तेच मागा. ‘मावशी, तीन तास आहेत, गोळाभात करता का?’ असं विचारलं की इथे नाही म्हणणारं घर सापडणं अवघड. फक्त त्यांना आधीच सांगा, की १:५० ला म्हणजे १:५० ला निघणार, कारण ‘अजून एक वाढते’ यात विमानं गेलेली आहेत.

ऊन, पाऊस आणि टाळायचे दिवस

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत दुपारी बारा ते पाच उघड्यावर फिरायचं नाही. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर सहज जातो. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ पर्यंत गेला होता. मे अखेरच्या नवतपात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर इथलेच लोक कूलरसमोरून उठत नाहीत. उन्हाळ्यात दुपारचा थांबा असेल तर दीक्षाभूमीचं आतलं सभागृह आणि तेवढंच, तेही ऑटो दारात उभा ठेवून. डोक्याला दुपट्टा किंवा टॉवेल बांधा, पाण्याची बाटली भरून घ्या. सोबत वयस्कर माणूस किंवा लहान मूल असेल तर विमानतळाच्या एसीत बसून राहणंच बरं, त्यात काही गमावत नाही. पावसाळ्यात जोराची सर आली की सखल चौकांत पाणी साचतं. तेव्हा मेट्रो धरा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी असते, आणि उत्तरेकडून येणारी विमानं धुक्यामुळे लांबतात. म्हणजे थांबा आपोआप लहान होतो. पहिलं विमान तासभर उशिरा आलं, तर ठरलेला बेत तिथल्या तिथे सोडून द्यायचा.

काही दिवस नागपूर तुमच्या सोयीचं नसतं. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. विधानभवन झिरो माईलच्या शेजारीच, त्यामुळे मोर्चे, बॅरिकेड्स, बंद रस्ते. त्या दिवसांत झिरो माईल आणि सिव्हिल लाइन्स वगळा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आणि त्याच्या आगेमागे दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते. तो सोहळा बघायचा असेल तर दोन दिवस मुक्कामाने या, विमानांच्या मध्ये नको. जामठ्याला क्रिकेटचा सामना असेल त्या दिवशी वर्धा रोड तुंबतो आणि विमानतळही त्याच रस्त्यावर. दर गुरुवारी संध्याकाळी साई मंदिराजवळ हाच रस्ता थोडा मंदावतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा महाल-इतवारीकडे गाडी नेऊ नका.

सोबत न्यायचं, आणि परत दारात

संत्री मोसमात असतील तर जरूर घ्या. आंबिया बहाराची हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. साल किंचित सुटलेली, हाताला जड लागणारी निवडा. चकचकीत रंगावर जाऊ नका. मोसम नसेल तर संत्रा बर्फी, ती हल्दीरामच्या दुकानांत मिळते. डब्यावरची तारीख वाचून घ्या, फार दिवस टिकणारी वस्तू नाही.

फळं, बर्फी, चिवडा हातातल्या बॅगेत चालतात. सावजी मसाला आणि तिखटाची पाकिटं मात्र सुरक्षा तपासणीत अडतात, लोणचंही. ती जमा करायच्या बॅगेत जाणार असतील तरच घ्या. बॅग आधीच पुढे गेली असेल तर मसाल्याचा मोह सोडा. सुकं खोबरं तर कुठल्याच बॅगेत चालत नाही. पॉवर बँक उलट, ती हातातल्याच बॅगेत हवी.

गजर वाजला की उठायचं. बिल द्यायचं राहिलं असेल तर ते आधीच देऊन ठेवा. परतीच्या ऑटोत बसल्यावर विमानाची वेळ आणि गेट पुन्हा एकदा बघा. टर्मिनलच्या दारात पोचलात की सरळ तपासणीला जा, चहा आतच घ्या. सकाळी लवकर आणि संध्याकाळी एकामागून एक विमानं सुटतात तेव्हा रांग लांब होते. दुपारी ती बहुतेक छोटी असते.

थांबा रात्रीचा असेल, समजा अकराला उतरून पहाटे सहाचं विमान, तर शहरात जाऊन बघण्यासारखं काही उघडं नसतं आणि मेट्रोही बंद झालेली असते. बजेटमध्ये बसत असेल तर वर्धा रोडवर विमानतळाजवळची हॉटेलं आहेत, तिथे चार तास झोपा आणि साडेचारला टर्मिनलला या. हॉटेलवाल्याला पहाटेच्या गाडीचं रात्रीच सांगून ठेवा.